पावसाचा अलर्ट नकाशा रंगांधळ्या वाचकालाही कळेल असा कसा करायचा

पावसाळ्यात जिल्हावार अलर्टचे नकाशे रोज फिरत असतात. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा आणि लाल म्हणजे लगेच हालचाल करा. हवामान विभागाची ही चार रंगांची पद्धत सरळ आहे. पण लाल-हिरव्यातला फरक ज्याला नीट दिसत नाही, त्याच्या डोळ्यांपुढे हे चारही रंग पिवळट-तपकिरी छटांमध्ये मिसळतात. आपला जिल्हा ‘काही नाही’मध्ये आहे की ‘तयारीत राहा’मध्ये, हेच त्याला कळत नाही. असा नकाशा बनवणाऱ्या किंवा पुढे पाठवणाऱ्या प्रत्येकाने तो दुरुस्त करायला शिकावं. त्यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही.

नेमकं काय बिघडतं

लाल-हिरवा रंगांधळेपणा बहुतेक वेळा जन्मजात असतो. त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे तो पुरुषांमध्ये कितीतरी जास्त आढळतो. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत हे प्रमाण सुमारे ८ टक्के आहे, स्त्रियांत साधारण अर्धा टक्का. सगळ्यात जास्त लोकांमध्ये हिरव्याला प्रतिसाद देणारे शंकू (डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी) बदललेले असतात. काहींमध्ये लालचे शंकू बिघडलेले असतात आणि त्यांना लाल रंग मुळातच गडद, काळपट दिसतो. म्हणून काळ्या पट्टीवरची लाल अक्षरं अशा माणसासाठी जवळजवळ नाहीशी होतात.

निळा-पिवळा फरक मात्र या दोघांनाही चांगला दिसतो आणि उजेड-गडदपणाचा फरकही दिसतो. सगळी दुरुस्ती या दोन गोष्टींवर उभी आहे.

आता आकडे पाहा. झगझगीत हिरवा (आरजीबी, म्हणजे लाल, हिरवा आणि निळा यांचं ० ते २५५ मधलं प्रमाण: ०, २५५, ०) आणि पिवळा (२५५, २५५, ०) यांच्या उजेडाचं गुणोत्तर जेमतेम १.३:१ आहे. शुद्ध लाल (२५५, ०, ०) आणि गडद हिरवा (०, १२८, ०) यांचंही तेवढंच. वेब सुगम्यतेच्या डब्ल्यूसीएजी नियमांत आकृतीतले महत्त्वाचे भाग ओळखता यावेत म्हणून शेजारच्या रंगाशी ३:१ आणि साध्या मजकुरासाठी ४.५:१ गुणोत्तर सांगितलं आहे. म्हणजे या जोड्यांत रंगछटा काढून घेतली की हाताला काहीच लागत नाही.

रंग बदला, पण अर्थ मोडू नका

‘रेड अलर्ट’ निळ्या रंगात दाखवला तर बाकी सगळ्यांचा गोंधळ होईल. तेव्हा नावं तीच ठेवा आणि फिकटापासून गडदाकडे जाणारी चढण तयार करा:

इशारा नाही: अगदी फिकट हिरवा, २२९, २४५, २२४
यलो: २४०, २२८, ६६
ऑरेंज: २२४, १२३, ०
रेड: १३९, ०, ०

यात यलो आणि ऑरेंजमध्ये साधारण २.३:१, तर ऑरेंज आणि रेडमध्ये ३.३:१ गुणोत्तर मिळतं. फिकट हिरवा आणि यलो यांच्यात उजेडाचा फरक कमी आहे, पण तिथे निळा-पिवळा फरक कामाला येतो: एक जवळजवळ पांढरा दिसतो, दुसरा स्पष्ट पिवळा.

यलो आणि ऑरेंजवर काळी अक्षरं घाला. रेडवर पांढरीच हवीत, कारण या गडद लालवर काळ्याचं गुणोत्तर फक्त २:१ च्या आसपास येतं. जिल्ह्यांच्या सीमा गडद राखाडी ठेवा, पण दोन रेड जिल्हे शेजारी असतील तर त्यांच्यामधली सीमा पांढरी करा. राखाडी रेषा तिथे सगळ्यांसाठीच बुडते, आणि लाल काळपट पाहणाऱ्याला रायगड-रत्नागिरी हा एकच मोठा डाग दिसतो.

रंगाशिवायही वाचता आलं पाहिजे

आमच्या मते हीच पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, आणि घाईत नेमकी हीच गाळली जाते. प्रत्येक जिल्ह्यात नावाखाली ‘य’, ‘ऑ’ किंवा ‘रे’ लिहा. मुंबई शहरासारख्या छोट्या जिल्ह्यात अक्षर मावत नाही, तिथून समुद्राकडे रेघ काढून बाहेर लिहा. १२०० पिक्सेल रुंदीचं चित्र फोनवर साधारण तिसऱ्या हिश्शाएवढं होतं, म्हणून अक्षर ४० पिक्सेलपेक्षा लहान नको.

अक्षरं नको असतील तर ऑरेंजला तिरप्या रेघा आणि रेडला आडव्या-उभ्या जाळीची भरणी द्या. रेघेची जाडी ३-४ पिक्सेल, दोन रेघांतलं अंतर १२ ते १६. याहून बारीक रेघा चित्र लहान होताना एकमेकींत मिसळतात आणि नुसता राखाडी धूर उरतो.

आकाराचं महत्त्व आपल्या खाण्याच्या पाकिटांवरही मान्य झालंय. शाकाहारीचा हिरवा ठिपका आणि मांसाहारीचा तपकिरी ठिपका कित्येकांना सारखेच दिसत. एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलिंग नियमांत मांसाहारी खूण तपकिरी त्रिकोणाची झाली. मेन्यू कार्डाचं चित्र करताना अजूनही दोन गोल टाकत असाल तर ते बदला.

तपासणी

आधी चित्र एसआरजीबीमध्ये (स्क्रीनसाठीच्या नेहमीच्या रंगपद्धतीत) आणा, नाहीतर सिम्युलेशन, म्हणजे रंगांधळ्या माणसाला काय दिसतं याची नक्कल, चुकीचं येतं. फोटोशॉपमध्ये व्ह्यू → प्रूफ सेटअप → कलर ब्लाइंडनेसमध्ये प्रोटॅनोपिया (लालचा दोष) आणि ड्यूटरॅनोपिया (हिरव्याचा दोष) असे दोन पर्याय आहेत, दोन्ही बघा. कंट्रोल + वाय दाबून मूळ चित्राशी ताडता येतं. गिंप मोफत आहे, त्यात व्ह्यू → डिस्प्ले फिल्टर्स → कलर डेफिशियंट व्हिजन. फोनवरच काम असेल तर अँड्रॉइडच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ‘सिम्युलेट कलर स्पेस’ शोधा. अॅक्सेसिबिलिटीतलं ‘कलर करेक्शन’ त्यासाठी वापरू नका. ते रंगांधळ्या माणसाच्या मदतीसाठी रंग सरकवतं, त्याला काय दिसतं ते दाखवत नाही. ही गल्लत फार जण करतात.

शेवटी चित्र ग्रेस्केल, म्हणजे फक्त राखाडी छटांचं, करून पाहा. त्यातही चार पातळ्या आणि अक्षरं वाचता आली तर नकाशा पक्का.

फोटो असेल तर

फोटोचे रंग सरसकट सरकवू नका. टोमॅटोच्या पानावरचा रोग दाखवताना रंग हीच माहिती असते, ती बदलली तर निदान चुकेल. तिथे डागाभोवती दुहेरी कडा काढा, आत पांढरी आणि बाहेर काळी, म्हणजे कुठल्याही पार्श्वभूमीवर ती उठून दिसते. बाण द्या आणि बाजूला ‘तपकिरी डाग’ असं लिहा.

प्रयोगशाळेतल्या लाल-हिरव्या फ्लुरोसन्स (सूक्ष्मदर्शकाखाली चमकणाऱ्या रंगद्रव्यांच्या) चित्रांची गोष्ट वेगळी. तिथले रंग आपणच दिलेले असतात, म्हणून लालाचा मजेंटा (गुलाबी-जांभळा) खुशाल करा. फोटोशॉपच्या चॅनल मिक्सरमध्ये आउटपुट ब्लू निवडा, रेड १०० आणि बाकी दोन्ही शून्य. लाल आणि हिरवा जिथे एकमेकांवर येतात तिथे पिवळ्याऐवजी पांढरा दिसेल. फिजी या मोफत चित्र-विश्लेषण सॉफ्टवेअरमध्ये इमेज → कलर → रिप्लेस रेड विथ मजेंटा एवढ्यावर काम होतं. चित्रात निळं चॅनल आधीच वापरलं असेल तर मिक्सरची युक्ती ते पुसून टाकते. तेव्हा प्रत्येक चॅनल राखाडीत शेजारी-शेजारी छापा.

पाठवताना

नकाशा पीएनजीमध्ये ठेवा. जेपीईजी रंगांची माहिती उजेडापेक्षा जास्त दाबतो, त्यामुळे लाल-ऑरेंजच्या कडा फिसकटतात. व्हॉट्सअॅपवर एचडी निवडा किंवा डॉक्युमेंट म्हणून जोडा. आणि चित्राखाली मजकूर लिहाच: ‘रेड: रायगड, रत्नागिरी. ऑरेंज: पुणे घाटमाथा, सातारा घाटमाथा. यलो: पालघर, ठाणे.’ संकेतस्थळावर हाच मजकूर ऑल्ट टेक्स्टमध्येही (चित्राला जोडलेल्या वर्णनात) टाका, म्हणजे स्क्रीन रीडर वापरणाऱ्यालाही इशारा ऐकू येईल.