इंदूरहून एकट्याने फिरायला निघायचंय? पहिली ट्रिप अशी करा

एकट्याने जायचं ठरलं की बहुतेक जण आधी लांबचंच बघतात, मनाली नाहीतर गोवा, मग तिकिटं मिळत नाहीत, घरी आई काळजी करते आणि बेत बारगळतो. माझं स्पष्ट मत आहे की पहिली ट्रिप इंदूरपासून शंभरेक किमीच्या आतच करा, एकच गाव धरा आणि तिथे दोन रात्री राहा. दोन का, तर पहिली संध्याकाळ जरा अवघडच जाते, सगळीकडे जोड्या नाहीतर कुटुंबं दिसतात आणि आपण सारखा मोबाईल काढतो, पण दुसऱ्या दिवशी चहावाला ओळखतो, रस्ते कळतात आणि मग खरी मजा सुरू होते. एका रात्रीत परत आलात तर हाती फक्त ती अवघडलेली संध्याकाळच येते ना!

आपल्यासाठी सगळ्यात सोपं गाव म्हणजे महेश्वर. नव्वद-पंचाण्णव किमी, बसने जाता येतं, थेट नाही मिळाली तर धामनोदला उतरून दुसरी घ्या. अहिल्याबाईंची राजधानी, त्यामुळे इंदूरच्या मराठी घरातल्या माणसाला तिथे परकं वाटतच नाही. जाताना लिस्ट करून नेऊ नका, घाटावरच बसा, पहाटे एकदा आणि सूर्यास्ताला एकदा. सकाळी राजवाड्यात मातीची छोटी छोटी शिवलिंगं करून त्यांची पूजा होते आणि मग ती नर्मदेत सोडतात, ते शांतपणे बघा, घाई करणारं कोणी बरोबर नसतं हा एकट्याचा सगळ्यात मोठा फायदा. नावेत बसायचं तर एकट्याला पूर्ण नावेचे पैसे सांगतात, थोडं थांबा, एखादं कुटुंब येतंच, त्यांना विचारून शेअर करा, बाणेश्वरचं देऊळ नदीच्या मधोमध आहे तिथपर्यंत जाता येतं.

आणि दुपारी ऊन झालं की हातमाग बघायला जा, किल्ल्याच्या आवारात रेहवा सोसायटी या विणकरांच्या संस्थेचे माग आहेत, खटखट आवाज लांबूनच येतो. माहेश्वरी साडीच्या काठावर लहर, ईंट, चटाई, हीरा अशा नक्षी असतात आणि त्या किल्ल्याच्या नि घाटाच्या दगडांवरून घेतल्यात असं सांगतात, तर आधी माग बघा आणि मग दगडात त्याच नक्षी शोधत फिरा, दोन तास कसे जातात कळत नाही. घेण्याचा आग्रह झाला तर सरळ सांगा की आज फक्त बघायचंय, कोणी वाईट वाटून घेत नाही.

खोलीचं मात्र आधी पक्कं करा. भाडं खोलीचं असतं, माणसाचं नाही, म्हणून एकट्याला महागच पडतं, फोन करून एकट्यासाठी काय रेट आहे ते विचाराच आणि जमलं तर शनिवार-रविवार टाळा. काही लॉजवाले एकटा माणूस म्हटलं की कुरकुर करतात, तेव्हा पोचल्यावर शोधू असं करू नका. महेश्वर आणि मांडू दोन्हीकडे एमपी टूरिझमची हॉटेलं आहेत, पहिल्यांदा जाणाऱ्या मुलींना मी तीच सांगते. ओरिजिनल आधार जवळ ठेवा.

दुसरी ट्रिप मांडूची. गंगवाल स्टँडवरून धार आणि तिथून मांडू. पावसाळ्यात सुंदर, पण सुट्टीच्या दिवशी तुफान गर्दी, मधला वार काढा. सायकल भाड्याने मिळते, जहाज महालापासून रूपमती मंडपापर्यंत सायकलवर जा, वाटेत ती जाड बुंध्याची खुरासानी चिंचेची झाडं दिसतील तिथे थांबा. जेवायला दाल-पानिये, म्हणजे डाळ आणि मक्याच्या पिठाचे पानिये, मिळालं तर सोडू नका!!

मग हिंमत आली की पचमढी. इंदूरहून नर्मदा एक्सप्रेसने पिपरियाला उतरायचं, पुढे सुमारे ५० किमी रस्ता. इथे खर्च वाढतो तो जिप्सीचा, म्हणजे फिरायला भाड्याने घ्यायच्या जीपचा, एकट्याने पूर्ण घेतली तर खिशाला चाट, म्हणून हॉटेलात आदल्या संध्याकाळीच विचारून ठेवा की उद्या कोणाला जोडीदार हवाय का. ट्रेनचं तिकीट काढताना बायकांनी कोटामध्ये लेडीज हा ऑप्शन बघावा, लांब पल्ल्याच्या मेल-एक्सप्रेसमध्ये स्लीपरला सहा बर्थ बायकांसाठी असतात, एकटीने जाताना पण चालतात, वयाची अट नाही. रेल्वेत काही झालं तर १३९, बाहेर ११२, दोन्ही नंबर सेव्ह करूनच निघा.

घरच्यांचं म्हणाल तर तासातासाला फोन करायचं कबूल करू नका, एखादा फोन उचलला नाही की तिकडे घाबरतात. रोज रात्री नऊ वाजता एकच फोन आणि व्हॉट्सॲपवर लाईव्ह लोकेशन, एवढं पुरतं. नव्या गावात उजेड असतानाच पोचा, आणि परतीच्या शेवटच्या बसवर कधीच अवलंबून राहू नका, तिच्या आधीची पकडा, ती चुकली तरी एक हाताशी राहते.