मग ते स्थानक फिरतं कशाला?

एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला असताना माझा पहिला लेख छापून आला, अंतराळ स्थानकात अंतराळवीर का तरंगतात यावर. त्यात मी बिनदिक्कत लिहिलं होतं, 'तिथे गुरुत्वाकर्षण नसतं.' आठवड्याभरात एका निवृत्त मास्तरांचं कार्ड आलं. एकच ओळ : गुरुत्वाकर्षण नाही, मग ते स्थानक पृथ्वीभोवती फिरतं कशाला?

कानशिलं तापली. परीक्षेत हेच गणित मी सहज सोडवलं असतं. स्थानक जेमतेम ४०० किमी उंचीवर. तिथे गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळजवळ ९० टक्के. त्याच ओढीने स्थानक आणि आतली माणसं पृथ्वीभोवती फिरत सोबतच पडत असतात, म्हणून माणसं तरंगताना दिसतात. पण समीकरणाचं बोट सुटलं आणि मी शब्दांत घसरलो. भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंगनी सामान्य वाचकांसाठी लिहिलेल्या १९८८च्या पुस्तकात एकच समीकरण ठेवलं, याचं कौतुक मला तेव्हापासून जास्त वाटतं.

तेव्हा नव्याने लिहिणाऱ्यांनो, प्रश्नांची वही ठेवा. जयंत नारळीकर सही मागणाऱ्या मुलांना सांगत, पोस्टकार्डावर प्रश्न पाठवा, उत्तराखाली सही मिळेल. आणि १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी 'नारायण विनायक जगताप' या नावाने कथा पाठवली, तीही पत्नीच्या अक्षरात. बक्षीस मिळालं ते कथेला. आपला मसुदाही असाच, पदवी झाकून, कुणाला तरी वाचायला द्यावा.

मी आईला वाचून दाखवतो. 'मुक्त पतन' आलं तशी मेथी निवडता निवडता म्हणाली, "कोण मुक्त झालं?" शब्द काढला. 'इलेक्ट्रॉन'ला मात्र ती अडत नाही. रुळलेल्या शब्दाला उगाच संस्कृत झूल घालू नये. मानधनाचं विचाराल तर, नोकरी सोडू नका.

दुरुस्तीच्या लेखासाठी प्लास्टिकच्या बाटलीला तळाजवळ भोक पाडलं, पाणी भरलं आणि ती गच्चीवरून सोडली. हातात होती तोवर धार लागली होती. बाटली सुटली, पाणीही तिच्यासोबतच पडू लागलं आणि धार बंद. खाली उभी असलेली बहीण ओरडली, "अरे, पाणी थांबलं!" लेखाचं पहिलं वाक्य तेच ठेवलं.

मास्तरांचं दुसरं कार्ड आलं : 'प्रयोग केला. आमच्याकडे धार मुळात लागतच नाही.'

बाटलीचं झाकण काढायचं, हे लिहायचंच राहिलं होतं.