दिवाळीच्या प्रदर्शनात स्टॉल लावताय? आधी एक्स्टेंशन बोर्ड पिशवीत टाका

यंदा अधिक महिन्यामुळे दिवाळी लांबलीये, लक्ष्मीपूजन थेट 8 नोव्हेंबरला. दसरा झाला की दर शनिवार-रविवारी कुठे ना कुठे प्रदर्शन असतंच, आणि मला ओळखीतल्या तिघींनी विचारलं की काय काय न्यायचं, म्हणून एकदाच सगळं लिहितेय. मी खणाचे आकाशकंदील, तोरणं आणि पर्स करते. गेल्या वर्षी पुण्यात पहिल्यांदा स्टॉल लावला आणि पहिल्या दिवशी 40 कंदिलांतले 37 तसेच राहिले. माल चांगला होता, उजेड नव्हता.

म्हणून सगळ्यात आधी एक्स्टेंशन बोर्ड. स्टॉलसोबत एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक प्लग पॉइंट मिळेल असं सांगितलेलं, मला वाटलं झालं काम. पॉइंट होता, पण मागच्या भिंतीला, माझ्या टेबलापासून चांगला दहा-बारा फूट लांब. संध्याकाळी बाहेर अंधार पडला आणि माझा कोपरा पार काळवंडला. एका मावशींना जांभळ्या खणाचं तोरण आवडलं, पण त्या म्हणाल्या, काळं आहे का हे, दिवाळीला दाराला काळं कसं लावू. तोरण घेऊन दारापाशी गेल्या, तिथल्या ट्यूबखाली धरून बघितलं, परत आल्या, मग हिरवं घेऊन गेल्या, मग परत जांभळं. शेवटी ठेवून दिलं. आणि कंदील तर विचारूच नका, आत दिवा नसलेला कंदील म्हणजे नुसता कापडाचा डबा, त्यातली बुट्टी आणि काठ उठून दिसणार कसे?

बोर्ड किमान 5 मीटर वायरचा घ्या. बुकिंग करतानाच विचारा की पॉइंट कुठे आहे आणि 6 अँपिअरचा आहे की 16 चा, कारण 16 चा नुसता मोठ्या पिनेचा सॉकेट असेल तर घरचा साधा प्लग त्यात बसत नाही, कन्व्हर्टर पिन लागते. ती पण पिशवीत. होल्डरसकट दोन-तीन एलईडी बल्ब, 9 वॉटचे पुरतात, रंग नॅचरल व्हाइट, कारण पिवळ्या उजेडात जांभळा नि निळा दोन्ही मळकट दिसतात. हॅलोजन अजिबात नको, कापड आणि कागदाजवळ तो तापतो, भीती वाटते मला. वायर जमिनीवर ब्राऊन टेपने चिकटवा, लहान मुलं पळत असतात.

आता बाकीचं. टेबलक्लॉथ, कात्री, सुई-दोरा, सेफ्टी पिना, पाण्याची बाटली, हे सांगायला नको.

किमती घरीच ठरवा आणि प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी लावा, गर्दीत बऱ्याच जणी विचारायला लाजतात आणि पुढे जातात. ठरवताना खण, कॅनव्हास, अस्तर यांच्यासोबत स्वतःच्या शिलाईचे तास धरा आणि स्टॉलचं भाडं पण त्यात वाटून टाका, आपल्यातल्या निम्म्या जणी हेच धरत नाहीत आणि मग म्हणतात काही उरलं नाही. किंमत 50 च्या पटीत ठेवा म्हणजे सुट्ट्याची कटकट कमी. तरी 10, 20, 50 च्या नोटा लागतातच, बँकेतून आदल्या आठवड्यात आणा. "काही कमी करा ना" हे दर पाच मिनिटांनी ऐकायची तयारी ठेवा, किती कमी करायचं ते आधीच ठरलेलं असू दे, तिथे उभं राहून ठरवलं की नुकसानच होतं.

क्यूआर कोड छापून दोन ठिकाणी लावा. पैसे आल्याचा मेसेज स्वतःच्या फोनवर बघा, समोरच्याच्या स्क्रीनशॉटवर माल देऊ नका, कितीही घाई असली तरी. हॉलमध्ये रेंज जाते म्हणून दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला फोन सोबत असू दे. पॉवर बँक घ्याच, पण चार्जर लावायला पुन्हा बोर्डच लागणार, बघा, सगळं तिथेच येतं.

जीएसटीला उगाच घाबरू नका, महाराष्ट्रातच माल विकताय आणि वर्षाची उलाढाल 40 लाखांच्या आत आहे तर नोंदणी लागत नाही. मालाशेजारी फराळ पण विकायला ठेवणार असाल तर एफएसएसएआयची, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी मात्र हवी.

मांडणी एक दिवस आधी घरच्या डायनिंग टेबलावर करून बघा, फोटो काढा, तिथे तस्सं लावा. दिवे बंद करून पण बघा काय दिसतं ते. एक कंदील पेटलेलाच ठेवा, टेबलाच्या वर, डोळ्यांच्या उंचीला. दुसऱ्या दिवशी मी घरून बोर्ड आणून एवढंच केलं आणि त्या एका संध्याकाळी 14 कंदील गेले. तोच माल, तोच कोपरा.

सोबत एक माणूस हवंच, जेवायला नि बाथरूमला जायचं असतं. डबा घरचा. कार्ड किंवा नंबर लिहिलेली चिठ्ठी प्रत्येक पिशवीत. वहीत विकलेलं लिहीत जा.

रात्री आवरताना उरलेलं मोजा, कॅश मोजा, निघा. बोर्डावर मार्करने स्वतःचं नाव लिहून ठेवा, शेजारचे स्टॉलवाले मागून नेतात आणि रात्री सगळे बोर्ड सारखेच दिसतात. तो आधी पिशवीत टाका, मग कंदील बांधा.