व्हॅल्यू दिली, तरी फील्डमध्ये नल? ऑब्जेक्ट तयार करताना या चुका टाळा

इंदूरमध्ये मुलांना जावा ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवताना हा प्रश्न हमखास येतो: “सर, फील्डला व्हॅल्यू दिलीय, मग नल कसं छापलं जातंय?” फील्ड म्हणजे ऑब्जेक्टमधली माहिती ठेवायची जागा, आणि नल म्हणजे तिथे काहीच नसणं. बहुतेक वेळा घोळ ऑब्जेक्ट तयार होण्याच्या क्रमाचा असतो.

आपला सराफा बाजारच घ्या. दिवसा दागिन्यांची दुकानं, रात्री खाण्याची. ‘दुकान’ हा मूळ क्लास (सुपरक्लास), म्हणजे ऑब्जेक्टचा साचा, आणि त्याच्या कन्स्ट्रक्टरमध्ये (ऑब्जेक्ट बनताना चालणाऱ्या कोडमध्ये) ‘फलक लाव’ या मेथडला कॉल आहे. ‘रात्रीचं दुकान’ या त्यावरून बनलेल्या सबक्लासने ती मेथड ओव्हरराइड केली, म्हणजे आपल्या पद्धतीने पुन्हा लिहिली, आणि तिच्यात स्वतःचं ‘मेन्यू’ फील्ड छापलं. मेन्यूची यादी घोषणेच्या ओळीतच दिलेली आहे, तरी फलकावर नल येतं. कारण जावा आधी सगळ्या फील्डमध्ये शून्य, फॉल्स किंवा नल ठेवते, मग सुपरक्लासचा कन्स्ट्रक्टर पूर्ण चालवते, आणि त्यानंतरच सबक्लासच्या फील्डना घोषणेतल्या व्हॅल्यू मिळतात.

याहून फसवा प्रकार म्हणजे ओव्हरराइड केलेल्या मेथडनेच मेन्यू भरायचा आणि घोषणेत मात्र ‘= नल’ लिहून ठेवायचं. भरलेली यादी लगेच पुसली जाते. ते ‘= नल’ काढलं की कोड चालतो, पण तेवढ्यावर थांबू नका; कन्स्ट्रक्टरमधून ओव्हरराइड होणाऱ्या मेथडला कॉल करण्याचा मूळ दोष तसाच राहतो.

ओळखायचं कसं? एक्सेप्शन (प्रोग्राम चालताना आलेली एरर) आलं असेल तर स्टॅक ट्रेस, म्हणजे कोणत्या मेथडने कोणाला कॉल केला त्याची यादी, पाहा. कन्स्ट्रक्टर तिथे ‘इनिट’ (<init>) या नावाने दिसतो. सबक्लासच्या मेथडच्या खालीच सुपरक्लासचा ‘इनिट’ असेल, तर हाच दोष. कन्स्ट्रक्टरने फक्त फील्ड भरावीत. फलक लावायचं काम ऑब्जेक्ट पूर्ण तयार झाल्यावर, स्टॅटिक फॅक्टरी मेथडमधून (ऑब्जेक्ट बनवून देणाऱ्या क्लासच्या मेथडमधून) करा. कन्स्ट्रक्टरमध्ये मेथड हवीच असेल, तर ती प्रायव्हेट किंवा फायनल ठेवा, म्हणजे सबक्लासला ती ओव्हरराइड करता येणार नाही.

सी प्लस प्लसमध्ये असा कॉल मूळ क्लासच्याच मेथडकडे जातो. तिथला खड्डा निराळा: मेंबर (म्हणजे फील्ड) कन्स्ट्रक्टरवर लिहिलेल्या इनिशियलायझर लिस्टच्या क्रमाने नव्हे, क्लासमधल्या घोषणेच्या क्रमाने भरले जातात. जीसीसी या कंपायलरला ‘वॉल’ (-Wall) फ्लॅग द्या, ते इशारा देतं.

बाकीच्या चुका पटकन सापडतात. कन्स्ट्रक्टरपुढे चुकून ‘व्हॉइड’ लिहिलं तर जावा त्याला साधी मेथड समजते आणि आतलं काहीच चालत नाही. पॅरामीटर आणि फील्डचं नाव एकच असताना ‘धिस’ विसरलात, तर पॅरामीटर स्वतःलाच असाइन होतो. पायथनमध्ये पॅरामीटरला डिफॉल्ट म्हणून रिकामी लिस्ट देऊ नका: ती फंक्शनच्या व्याख्येवेळी एकदाच बनते, आणि एका दुकानाची ऑर्डर दुसऱ्याच्या यादीत जाऊन बसते. डिफॉल्ट ‘नन’ (None) ठेवा आणि नवी लिस्ट आत बनवा.