याबेस म्हणजे दुःख? नावाचा अर्थ सांगताना या चुका टाळा

बायबलमधल्या १ इतिहास या पुस्तकातलं ४:९-१०. फक्त दोन वचनं आहेत, त्यांच्या आधी आणि नंतर नुसती वंशावळ, अमक्याला तमका झाला, तमक्याला अमका झाला, आणि मध्येच हा याबेस येतो, देवाकडे चार गोष्टी मागतो, देव त्या देतो आणि तो पुन्हा दिसत नाही. दोनच वचनं आहेत म्हणून लोकांना वाटतं की यात चुकण्यासारखं काय आहे. मी बायबल अभ्यासाचा वर्ग घेतो आणि सांगतो, याच दोन वचनांवर त्याच त्याच चुका दर वर्षी ऐकतो.

सगळ्यात मोठी चूक: "याबेस म्हणजे दुःख" एवढं सांगून मोकळं होणं

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, एका जोडप्याला मुलगा झाला, बाळंतपण फार अवघड गेलं होतं, आईला बरेच दिवस हॉस्पिटलात काढावे लागले. त्यांना याबेसची ही प्रार्थना आवडायची म्हणून नाव ठरलं याबेस. चर्चमध्ये बाळ देवाला समर्पित करायच्या आदल्या दिवशी कुणीतरी नावांच्या अ‍ॅपचा स्क्रीनशॉट फॅमिली ग्रुपवर टाकला, त्यात लिहिलेलं, याबेस, अर्थ दुःख, पीडा. झालं. आजी रडायला लागल्या, पोराला जन्मभर दुःख म्हणून हाक मारायची का म्हणून. बाळाच्या वडिलांनी मला फोन केला, मी बसमध्ये होतो, घाईत बोलून गेलो की हो भाऊ, अर्थ तसाच आहे पण देवाने त्याचं ऐकलं ना.

संध्याकाळी हिब्रू बायबल घेऊन त्यांच्या घरी गेलो. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला मोठ्या हिब्रू अक्षरात नाव लिहिलं: योद, आयिन, बेथ, त्सादे. याबेत्स. नवव्या वचनात याबेसची आई हे नाव का ठेवलं ते सांगते, तिच्या त्या वाक्यातला वेदनेचा शब्द खाली लिहिला: आयिन, त्सादे, बेथ. ओत्सेव, शेवटचं अक्षर बेथच, फक्त उच्चार व होतो. आजींनी चष्मा लावून बोट फिरवलं आणि त्यांनाच आधी दिसलं की शेवटची दोन अक्षरं इकडची तिकडे झालीयेत. नावात बेथ आधी, वेदनेत त्सादे आधी. म्हणजे नाव हे त्या शब्दापासून तयार झालेलं नाही, नाव त्या शब्दासारखं कानाला लागतं आणि आई त्या ध्वनीवरून बोलते, "मी याला वेदनेत जन्म दिला." आपल्याकडे कीर्तनात धारा उलटी केली की राधा होते असं सांगतात, म्हणून कोणी राधा या नावाचा अर्थ धारा असा कोशात शोधत नाही. तसंच आहे हे.

आजी ऐकत होत्या, मान डोलावत होत्या. पण तोपर्यंत कुटुंबाने दुसरं नाव नक्की केलं होतं, सगळ्यांना कळवूनही झालं होतं. त्या मुलाचं आताचं नाव चांगलंच आहे. पण बसमधून दिलेल्या एका ओळीच्या उत्तरामुळे आईने मनापासून निवडलेलं नाव गेलं, हे मला अजून लागतं, म्हणून आता फोनवर नावाचा अर्थ सांगत नाही. घरी येतो म्हणतो.

माझी सवय सांगतो. बायबलमध्ये नाव आणि "कारण ती म्हणाली" असं एकत्र आलं की मी ते अख्खं वाक्य वाचतो, नुसतं नाव उचलत नाही. मग दोन्ही शब्दांची अक्षरं हाताने लिहितो. टाइप करून चालत नाही, हाताने लिहिलं की क्रम डोळ्यात भरतो. पाच मिनिटं लागतात. नवीन मुलांना तेवढाही धीर नसतो, त्यांना हिब्रू कोशातला शब्दाचा नंबर टाकला की एका शब्दात अर्थ हवा असतो. कोश वाईट नाहीत, पण कोशातला एक शब्द म्हणजे ते वचन नव्हे.

आणि अर्थ एकच असतो हा हट्ट पण सोडा. तालमूद या यहुदी ग्रंथात रब्बी, म्हणजे यहुदी धर्मगुरू, याच नावातून सल्ला देणं आणि पसरवणं असे दोन शब्द काढतात, म्हणजे इस्राएलात तोरा, म्हणजे देवाचं नियमशास्त्र, पसरवणारा म्हणून याबेस, आणि बायबलमधला शास्ता अथनिएल तो हाच असं ते समजतात. मी ते मानतोच असं नाही, पण ज्यांची ही भाषा होती त्यांनाही या नावात नुसतं दुःख ऐकू आलं नाही हे लक्षात ठेवा.

शेवटचा शब्द गाळणं

ही चूक मला जास्त खटकते कारण सगळी गोष्टच तिथे पूर्ण होते. २००० साली एका छोट्या इंग्रजी पुस्तकामुळे ही प्रार्थना जगभर गाजली आणि तेव्हापासून लोक "माझी सीमा वाढव" इथेच थांबतात. दुकान वाढव, फ्लॅट दे, प्रमोशन दे. हिब्रूतला शब्द गेवूल आहे, म्हणजे जमिनीची हद्द, आणि ही सगळी इस्राएलातल्या यहूदाच्या वंशाची यादी चाललीये जिथे जमीन आणि घराणं एकमेकांना चिकटलेलं आहे, तेव्हा त्याला दुकानाच्या शाखा जोडण्याआधी जरा थांबा. पुढे वाचा. तुझा हात माझ्याबरोबर असू दे, मला वाइटापासून राख, म्हणजे मला वेदना होणार नाही. तो शेवटचा शब्द ओत्सबी. आयिन, त्सादे, बेथ, आणि पुढे योद. इथे अक्षरं वेदनेच्याच क्रमाने आहेत. आईने ज्या शब्दावरून नाव ठेवलं तोच शब्द मुलगा देवासमोर ठेवतो आणि म्हणतो हा माझ्या वाट्याला नको. ही ओळ गाळून केलेला संदेश मी ऐकूच शकत नाही.

बायबलच्या पहिल्या पुस्तकातलं उत्पत्ती ३:१६ पण काढून बघा, लेकरांना जन्म देताना स्त्रीला होणारी जी वेदना देवाने सांगितलीये तिथेही हीच तीन व्यंजनं आहेत. याबेसच्या आईचं वाक्य ऐकणाऱ्याला ते आठवणारच.

बाकीच्या, थोडक्यात

याबेस आणि याबेश-गिलाद यांची सरमिसळ. ते गाव आहे, शेवट शीनने होतो, त्या धातूचा अर्थ वाळणं, काही संबंध नाही.

याबेस नावाचं एक गावही आहे, १ इतिहास २:५५, तिथे शास्त्र्यांची घराणी राहत होती. ते गाव याच माणसाने वसवलं असं ठोकून देऊ नका, वचनात ते लिहिलेलं नाही.

बाप लावणं. चौथ्या अध्यायाच्या आठव्या वचनातल्या माणसाचा मुलगा म्हणून वंशावळीच्या तक्त्यात रेघ ओढतात, पण नवव्या वचनात बापाचं नावच नाही, आई आहे आणि तिचंही नाव नाही. रिकामी जागा रिकामी ठेवा.

गोष्टी रचणं. बाळ आजारी होतं, बाप वारला होता, भावांनी छळलं. कुठून आणतात माहीत नाही, मूळ वचनात आईला वेदना झाली एवढंच आहे.

"प्रार्थना केली म्हणून प्रतिष्ठित झाला." क्रम बघा, भाऊबंदांपेक्षा प्रतिष्ठित हे नवव्या वचनात आधी येतं, प्रार्थना दहाव्यात. प्रार्थनेमुळे मान मिळाला असं वचन म्हणत नाही.

आणि नाव बदलता आलं असतं, बदललं का नाही असं वर्गात कोणी विचारलं तर उत्पत्ती ३५:१८ उघडा. याकोबाची बायको राहेल बाळंतपणात मरता मरता बाळाला बेनओनी म्हणते, म्हणजे माझ्या दुःखाचा मुलगा, आणि याकोब लगेच ते नाव बदलून बन्यामीन करतो. याबेसच्या वेळी कोणी तसं केलं नाही, तो तेच नाव घेऊन देवाकडे गेला. मी वर्गात ही दोन वचनं शेजारी शेजारी वाचायला लावतो आणि गप्प बसतो, मुलांना बोलू देतो.