रात्रभर क्लबात, सकाळी वर्गात: जपानला इंग्रजी शिकवायला निघालेल्या बडोदेकरांसाठी

डिग्री लागते, सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी (व्हिसासाठी लागणारा जपान सरकारचा दाखला) आलं की ३ महिन्यांच्या आत जपान गाठावं लागतं, सरकारी शाळेचा व्हिसा वेगळा आणि खासगी क्लासचा वेगळा, एवढं तुम्हाला ठाऊक असणारच. दांडिया बाजारात आमच्या घरी जी मुलं-मुली चौकशीला येतात, ती हे सगळं पाठ करूनच येतात. एकच गोष्ट विचारत नाहीत, आणि विचारणार तरी कशी, आई शेजारी बसलेली असते. मग जिना उतरताना हळूच येतं, "ताई, तिकडचं नाइट लाइफ कसं आहे हो?"

मस्त आहे. जा. दारूबंदीच्या राज्यात वाढलेल्या आपल्या पोरांना टोकियोतला तो झगमगता, क्लबांचा शिबुया भाग पहिल्यांदा बघताना जे होतं, ते होऊ द्या. क्लबात नाचणं म्हणजे काही पाप नाही. गंमत अशी की जपानातच १९४८ च्या कायद्याप्रमाणे मध्यरात्रीनंतर क्लबात नाचायला बंदी होती. बऱ्याच क्लबांत 'नाचू नये' अशा पाट्या असायच्या! २०१५ साली कायदा बदलला आणि जून २०१६ पासून रात्रभर नाचणं कायदेशीर झालं. आत उजेड १० लक्सपेक्षा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) जास्त हवा, अशी अट घालून.

पण तासभर जाऊन येऊ, हा प्रकार तिथं नाही. टोकियोत शेवटची लोकल साडेबाराच्या आसपास जाते आणि पहिली पहाटे पाचच्या सुमाराला. मधे टॅक्सी, तीही रात्री १० ते पहाटे ५ वीस टक्के जादा भाड्यानं. तुमची खोली चिबा नाहीतर साइतामाकडे असणार, कारण टोकियोतलं भाडं पहिल्या वर्षी परवडत नाही. म्हणजे शेवटची गाडी चुकली की पाचपर्यंत तुम्ही तिथंच. हे सगळे सांगतात. पुढचं मला कुणी सांगितलं नव्हतं.

तुम्हाला क्लबला चला म्हणून बोलावणारे बहुतेक सरकारी शाळेतले असिस्टंट टीचर असतात. त्यांना शनिवार-रविवार सुट्टी, म्हणून त्यांची रात्र शुक्रवारची. खासगी क्लासवाल्यांचा शनिवार म्हणजे सगळ्यात भरगच्च दिवस, सकाळपासून लहान मुलांच्या बॅचेस. खासगी क्लासात असून शुक्रवारी या सरकारी शाळेवाल्यांबरोबर गेलात की झोप जाते. पण झोपेचं एवढं नाही, पंचविशीत एक रात्र जागून माणूस मरत नाही. जातो तो आवाज.

हे नीट ऐका, कारण आपण बडोद्याचे लोक इथंच फसतो. आपल्याला वाटतं, नऊ-नऊ रात्री गरबा खेळलोय, स्पीकर छातीत धडधडलाय, क्लब तो काय! पण गरब्यात गाणारे गातात, आपण फेर धरतो, बोलतो कुठं? बोलायचं ते बाहेर, नाश्त्याच्या गाडीवर. क्लबात मात्र नव्या ओळखीचे चौघं-पाचजण टेबलाभोवती उभे राहून सहा तास गप्पा मारतात. तू कुठली, किती वर्षं झाली, तुझा मॅनेजर कसा आहे, आणि हे सगळं दणदणाटाच्या वर आवाज चढवून. आवाज चढवायचा असं कुणी ठरवत नाही. गोंगाटात माणूस न कळत मोठ्यानं बोलतो, ही गोष्ट एत्येन लोंबार नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं १९११ साली मांडली, तिला लोंबार इफेक्ट म्हणतात. आपण ओरडतोय हे त्या क्षणी जाणवतही नाही. भरीला दारूनं आणि रात्रभराच्या जागरणानं घसा कोरडा पडलेला. ओरडून स्वरतंतू सुजतात, आणि ते कळतं सकाळी तोंड उघडल्यावर.

मला कळलं पाच-सहा वर्षांच्या पोरांसमोर. सफरचंदाचं कार्ड वर धरलं आणि बसक्या, खरखरीत आवाजात 'ॲपल' म्हणाले. अख्ख्या वर्गानं तितक्याच बसक्या, खरखरीत आवाजात 'ॲपल' म्हणून दाखवलं. अगदी मन लावून. शिकवलंय काय, तर जसं ऐकाल तसं म्हणा. काचेपलीकडे आया बसलेल्या. एकीनं मान खाली घातली. तोंडावर कुणी काही बोलत नाही तिथं. तक्रार रिसेप्शनला जाते, तिथून मॅनेजरकडे, आणि करार वर्षभराचा असतो हे विसरू नका. भाषेच्या मास्तराचा माल एकच, त्याचा आवाज. गणिताच्या मास्तराचं फळ्यावर भागतं हो, आपलं नाही भागत.

तर खासगी क्लासवाल्यांनी शनिवारी रात्री जावं, शुक्रवारी नाही. कितीही आग्रह झाला तरी. आत नाचा, बोलायला बाहेर जिन्यात या. आवाज बसलाच तर कुजबुजू नका, कुजबुजण्यानंही घशावर ताण पडतो. गप्प बसा, पाणी प्या. एनर्जी ड्रिंक ढोसून वर्ग घेणारे 'सीनियर' भेटतील आणि सल्लाही देतील: यामानोते लाइनच्या लोकलमध्ये झोप काढ, ती टोकियोभोवती गोलच फिरते. दहा-दहा वर्षं त्याच एका खोलीत मुरलेल्या या लोकांचं माझ्या मते काहीही ऐकू नये. क्लासच्या रिसेप्शनवरची बाई पगार कधी होतो, कुठली आई कशानं बिथरते, सगळं जाणते, तिला धरून राहा.

घाबरू नका, मुलीसुद्धा निर्धास्त जाऊ शकतात, गल्लीबोळ आपल्याइतकेच किंवा जास्तच सुरक्षित आहेत. फक्त टोकियोतल्या काबुकिचो आणि रोप्पोंगी या भागांत हात धरून आत ओढणाऱ्या दलालांच्या मागे अजिबात जायचं नाही. बिलं अवाच्या सवा लावतात आणि पेयात काही मिसळल्याच्या तक्रारीही तिथल्याच. ग्लास टेबलावर ठेवून नाचायला गेलात तर परत येऊन तो पिऊ नका, नवा घ्या. रेसिडेन्स कार्ड (परदेशी माणसाचं तिथलं ओळखपत्र) सोबत पाहिजेच, नसलं तर २ लाख येनपर्यंत दंड. आणि पहाटे पाचला आईला मेसेज टाकू नका, बडोद्यात रात्रीचा दीड वाजलेला असतो. ती तुमचं 'ऑनलाइन' बघत जागीच असते.

एवढं सांगूनही शुक्रवारी गेलात आणि शनिवारी सकाळी आवाज गेलेला असला तर आल्या आल्या रिसेप्शनला सांगा, सर्दी म्हणा हवं तर. मोठ्या बॅचमधल्या एखाद्या मुलाच्या हातात कार्डं द्या, 'आज टीचर तू'. पोरं हे काम जीव तोडून करतात. माझ्याकडची एक मुलगी तर नंतर माझी खुर्ची सोडायला तयार नव्हती. मात्र दर महिन्याला हे चालत नाही, दुसऱ्या खेपेलाच रिसेप्शनवरची बाई विचारते, काल कुठं होतीस?