मानेला झटका बसला, तर भरपाई कशी धरतात?

मागून गाडीने ठोकलं, मानेला झटका बसला आणि एक्स-रे साफ आला, की विमा कंपनी लगेच म्हणते, ‘काही झालंच नाही.’ तिथेच सह्या करून मोकळे होऊ नका. स्नायूंची दुखापत एक्स-रेत दिसत नाही.

मुंबईत दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात चालतो. औषधोपचाराचा खर्च, बुडालेला पगार, वेदना, पुढचे उपचार यांचा हिशेब वेगवेगळा होतो. कॉलरची पावती, फिजिओथेरपीची बिलं, दवाखान्यापर्यंतचं रिक्षाभाडं, सगळं एका फाइलीत लावा.

खरी घासाघीस कायमच्या अपंगत्वावर होते. राज कुमार विरुद्ध अजय कुमार (2011) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की डॉक्टरने लिहिलेली टक्केवारी जशीच्या तशी धरायची नाही. त्या अपंगत्वामुळे कमाई किती घटली ते पाहायचं. तीच मान आखडली तर टॅक्सीवाल्याचं नुकसान कारकुनापेक्षा जास्त. समजा वय 38, कमाई महिना 20,000, कमाईतली घट 10 टक्के. या वयाला गुणक, म्हणजे वर्षाच्या कमाईला ज्याने गुणायचं तो वयानुसार ठरलेला आकडा, 15. म्हणजे 20,000 × 12 × 15 चे 10 टक्के, 3,60,000 रुपये. बाकीचे खर्च वेगळे. मात्र मान काही आठवड्यांत बरी झाली, तर हा गुणाकार लागतच नाही. बहुतेकांचं असंच होतं, बरंच आहे म्हणा.

अपंगत्वाचं प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरांना साक्षीला यायला लागेल, येतील का ते आधीच विचारून ठेवा. 1 एप्रिल 2022 पासून कायद्यात दाव्याला सहा महिन्यांची मुदत आहे.